पावडरीची पट्टी

धातूची करडी पावडर दोन फिरत्या रुळांमध्ये दाबली जाते आणि खाली पट्टी होऊन उतरते. भट्टीत शेवटचे तापवून झाल्यावर ती जराशी वाकली, तरी तिचा चुंबकी गुण उतरतो. म्हणून कारखान्यातल्या सुमनताई ती दोन्ही तळहातांवर आडवी धरून तपासणीला नेतात. त्या दिवशी पट्टी नापास झाली, तर यापुढे इथे न बनवता परदेशी पट्टीच विकत घ्यायची असे ठरले होते.

“ताई, नवरीसुद्धा इतकी जपून चालत नाही,” भट्टीवरचे शिंदे म्हणाले.

“नवरी वाकली तर आशीर्वाद मिळतो. ही वाकली तर भंगारात जाते.”

धातूचा गुण माणसाच्या चालीवर टिकतो, हे कुठल्याच यंत्राच्या पाटीवर लिहिलेले नसते.

मीटरचा काटा हव्या त्या आकड्याच्याही पुढे गेला. “पास,” तपासनीस म्हणाले. ताईंचे रिकामे तळहात अजून आडवेच होते.