निघालेली पिन

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती जाईपर्यंत नाही. ज्यांना सांगायलाच हवं होतं, ते गुरुजीही आता नाहीत. देवापुढं उभा राहिलो तरी अर्ध्यावर येऊन थांबायचो — आणि दुसरंच काहीतरी मागून परत फिरायचो.

परभणीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. पत्र्याचं, पण जुन्या गाड्या माझ्याकडंच यायच्या. एका वकीलसाहेबांची निजामाच्या काळातली मोटार होती. तिचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनाला ठिणगी वाटून देणारा भाग, मी खोलून ठेवला होता. त्याच्या दांड्याला खाली छोटा गिअर असतो, त्याचे दात झिजले होते. नवा गिअर हैदराबादहून आला होता. जुना काढायचा, तर दांड्यातून आरपार गेलेली पिन आधी ठोकून काढावी लागते. आगकाडीएवढी पिन. पण गंजून दांड्याशी एकजीव झालेली. रॉकेलात भिजवली, तापवली, पंचाचं पोलादी टोक लावून हातोडीनं ठोकली — हलायला तयार नाही.

पिनेचंच का सांगत बसलोय? पुढचं सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून.

नामांतराचा ठराव झाला, तो पावसाळा होता. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता. खेड्याखेड्यांतून बौद्धवाडे जाळल्याच्या बातम्या येत होत्या. एसट्या बंद होत्या. भालेराव गुरुजी माझ्या मुलीला शाळेत शिकवायचे. त्यांचं गाव आणि माझ्या मामाचं गाव एकच. गावात, बौद्धवाड्यात, त्यांची आई एकटी होती — अर्ध्या अंगावरून वारं गेलेली. वकीलसाहेब त्यांना म्हणाले, माझी मोटार घेऊन जा आणि आईला घेऊन या. म्हणून सकाळीच गुरुजी गॅरेजवर आले.

"मिस्त्री, गाडी कवा व्हईल? आईला आणायचंय. तिला उठता येत न्हाई."

"पिन निघाली की तासाभराचं काम, गुरुजी. दुपारी या."

हे मी खरं बोललो होतो. तोवर मी खरा होतो.

ते गेले आणि थोड्याच वेळात पिन निघाली. टण्णकन खाली पडली. मला इतका आनंद झाला की एकटाच हसलो. जुना गिअर उपसून काढला, नवा हातात घेतला — आणि तेवढ्यात माझा मामेभाऊ आला. बाजाराला आला होता. दारातल्या मोटारीकडं बघत म्हणाला, "वकिलाची गाडी का? गुरुजी नेणार म्हनतेत. आज गावाकडं धाडू नको बरं. वाटंवर लोक उभे हायेत. तुझ्या हातची गाडी समदे वळखतेत."

त्यानं धमकी दिली नाही. हे मुद्दाम सांगतो. काळजीनं बोलला, चहा पिऊन निघून गेला.

मी बसून राहिलो. काय होणार होतं माझं? मामानं बोलणं सोडलं असतं? भावकीनं लग्नकार्यात टाळलं असतं? गॅरेजचा पत्रा फोडला असता? काहीही झालं असतं, किंवा काहीच झालं नसतं. मी ते जाणून घ्यायला थांबलो नाही. जमिनीवरची पिन उचलली, जुना गिअर परत दांड्यावर चढवला, पिन होती तिथं ठोकली — आणि तिची दोन्ही टोकं हातोडीनं चेपून टाकली.

दुपारी गुरुजी आले. मी म्हणालो, "पिन काही निघंना."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. त्यांनी बाह्या वर सारल्या, खाली बसले आणि लाकडाच्या ठोकळ्यावर दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. म्हणाले, "मी धरतो, तुमी मारा." मग मी मारत राहिलो. पंच पिनेवर नव्हता. पिनेच्या शेजारी, गिअरच्या लोखंडावर होता. घाम मात्र खरा आला. एक घाव निसटून त्यांच्या अंगठ्यावर बसला. रक्त साकळलं. त्यांनी हात काढला नाही. "ऱ्हाऊ द्या, मारा," म्हणाले.

असं ठोकत मी किती वेळ काढला? कशासाठी? त्यांना पटावं म्हणून, की मला?

शेवटी ते उठले. मी माझी सायकल दिली त्यांना. काय तो दिलदारपणा!

संध्याकाळी गावातला बौद्धवाडा पेटला. गुरुजी आडवाटेनं पोचले, तोवर शेजाऱ्यांनी म्हातारीला घोंगडीत घालून ज्वारीच्या रानात नेलं होतं. रात्रभर पाऊस होता. गुरुजींनी तिला बैलगाडीतून परभणीला आणलं. दवाखान्यात ती काही दिवस टिकली, मग कफानं छाती भरली आणि ती गेली.

नवा गिअर मी त्या ठोकाठोकीच्या दुसऱ्याच दिवशी बसवला होता. वकीलसाहेबांनी विचारलं, "निघाली का पिन?" म्हणालो, "निघाली."

सायकल परत द्यायला आले तेव्हा गुरुजींचं डोकं भादरलेलं नव्हतं, त्यांच्यात ती रीत नाही; डोळे मात्र पार आत गेले होते. म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी तुमी लय खटपट केली. इसरणार न्हाई."

विसरले नाहीत. दर दिवाळीला माझी मुलगी त्यांच्या घरी जायची, गुरुजी माझी चौकशी करायचे. मी त्यांचा रस्ता टाळायला शिकलो. भेटलेच तर गाडीखाली सरपटत जायचो.

शेवटी विद्यापीठाला नाव लागलं, त्या आठवड्यात ते पेढे घेऊन गॅरेजवर आले. बरोबर थोरला मुलगा होता, नुकताच नोकरीला लागलेला. पेढ्याचा पुडा माझ्या हातात देऊन गुरुजी त्याला म्हणाले, "यांच्या पाया पड. तुझ्या आजीला आणायला यांनीच जिवाचं रान केलं होतं."

पोरगा वाकला. मी पाय मागं घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मोठा हो."