कुंडलच्या नानासोंचं 'माजं चुकलं'

कुंडलचे नानासो लष्करात जीपगाड्या दुरुस्त करता करता हवालदार होऊन निवृत्त झाले. आता त्यांचा मुक्काम जुन्या ट्रॅक्टरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथं ते इतके गोड बोलतात, की त्यांच्या पत्नी हरणाबाई आम्हा शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात, "ग्रुपवर आवंजावं, घरात नुसती ऑर्डर."

ग्रुपचा एक रिवाज मात्र झकास. थोराचं काही चुकलं तर चारचौघांत बोलायचं नाही, खासगीत कळवायचं.

गेल्या माघात आटपाडीकडच्या कोंडीबानं मदत मागितली. बापानं मेंढरं विकून घेतलेला निळा ट्रॅक्टर त्यानं खोलून पुन्हा जोडला होता, पण सुरू होईना. "शनवारी भंगारवाल्याचा टेम्पो येतुया. थोरल्या भावानं शब्द दिलाय. तवर चालू झाला तरच ऱ्हातुया."

नानासोंनी लगेच फर्मान काढलं: पंपातून चार सिलिंडरला डिझेल नेणाऱ्या नळ्या एक, तीन, चार, दोन अशा लावा. कोंडीबानं लावल्या. ट्रॅक्टर नुसता धूर ओकला. त्यानं पुन्हा विचारलं, नानासोंनी पुन्हा तेच सांगितलं. वर, "तुमचाच हात कच्चा हाय पावनं."

गुरुवारी मेढ्याच्या शालूबाईंचा खासगी निरोप आला. या बाईंनी नवऱ्यामागं त्याचं गॅरेज वीस वर्षं चालवलेलं. "आवं नानासो, तुमी लय जाणते. पर त्यो क्रम जीपचा न्हवं का? त्या निळ्याचा एक, दोन, चार, तीन. तुमीच सांगा त्याला, आमी ग्रुपवर बोलत न्हाई."

आता, कोंडीबाला गुपचूप फोन करता आला असता. मी तसं सुचवलंही. माझा स्वभावच तसला. नानासोंनी मोबाइल हातात घेतला. मग म्हणाले, "समद्यांम्होरं त्याच्या हाताला नावं ठेवली रं मी." आणि ग्रुपवर आपल्या आवाजातला निरोप सोडला: "माजं चुकलं. कोंडीबाचा हात चांगला हाय. खरा क्रम शालूबाईंनी सांगितला, त्यो असा..."

शुक्रवारी दुपारी कोंडीबाकडून उत्तर आलं. नुसती धडधड, आणि मागून त्याचा भाऊ: "टेम्पोवाल्याला नगं म्हणून सांग."

नानासोंनी ते चुलीपाशी नेऊन हरणाबाईंना ऐकवलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "ट्रॅक्टरचं ऱ्हाऊ द्या. तुमचं कालचं परत लावा. चाळीस वरसांत पयल्यांदा ऐकलं."