पाटीवरची सहावी ओळ

मंगळवार, १४ मार्च २०००, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. वेळ मिनिटासह देते आहे, कारण या प्रकरणात खात्रीच्या अशा फार थोड्या गोष्टी माझ्या हाती आहेत. मी भूजलशास्त्राची पदवीधर. या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते लिहिणाऱ्याची चूक नेमकी कुठे झाली हे शोधण्यासाठी. आता माझी चूक कुणी दाखवून दिली, तर मला मनापासून आनंद होईल.

अबुधाबीहून रुवैसकडे जाणाऱ्या रस्त्याचे रुंदीकरण चालू होते. रस्त्याच्या आखणीत खलफान नावाच्या वृद्ध गृहस्थांच्या आजोबांनी खणलेली दगडी विहीर येत होती. पाणी असेल तर रस्ता तिला वळसा घालणार. नसेल तर ती बुजवणार. जानेवारीत मी विहिरीत मोजणीची टेप सोडली; तिच्या टोकाला पाणी लागले की बझर वाजतो. ५.८६ मीटरवर तळ लागला, पाणी नाही. ‘कोरडी’ असे लिहून मी सही केली. माझा तो पहिला स्वतंत्र अहवाल.

आमचे प्रमुख मिस्टर वॉल्टर पेनसिल्व्हेनियाचे. त्यांच्या गावाकडे रस्त्याच्या कडेला ओतीव लोखंडाच्या पाट्या असतात — इथे पहिली शाळा भरली, इथला पूल पुरात गेला... प्रत्येक पाटीशी वडील गाडी थांबवत आणि मुलांना ती मोठ्याने वाचायला लावत. घराजवळच्या पाटीवर एका झऱ्याची नोंद होती. पश्चिमेला निघालेली कुटुंबे आपल्या घोडागाड्या तिथे थांबवून पिंपे भरून घेत. झरा आटला होता, तरी मुलांना तो तोंडपाठ होता. निदान तेवढे तरी खलफान यांच्या नातवंडांना मिळावे, म्हणून वॉल्टरनी तिकडच्याच एका ओतशाळेतून विहिरीची पाटी मागवली. पाच ओळींचा मजकूर मीच टाइप केला, फॅक्सही मीच केला.

त्या मंगळवारी आमचे ड्रायव्हर दाऊदभाई यांनी खोके फोडले. पाटीवर सहा ओळी होत्या. शेवटची — ‘पाणी २३ फूट ४ इंचांवर.’

“सर, ही ओळ तुम्ही घालायला सांगितलीत?”

“मी? अगं, मी तीस वर्षं मीटरमध्ये मोजतोय. फूट-इंच फक्त माझी बायको वापरते, पडद्यांसाठी.”

ओतशाळेला विचारले. त्यांनी त्यांना मिळालेले आमचेच पान उलट फॅक्स केले. त्यावर सहा ओळी, सहावीही त्याच टाइपात. आमच्या फायलीतल्या मूळ पानावर मात्र पाचच.

मी आकडेमोड केली. ७.११ मीटर. म्हणजे माझ्या ‘तळा’च्या सव्वा मीटर खाली. आणि तेव्हा प्रथमच मनात आले... टेप जिथे टेकली तो खरा तळ, की ढासळलेले दगड? हे मी तपासलेच नव्हते. विहीर शनिवारी बुजवायची होती.

दाऊदभाई रत्नागिरीकडचे, मला मुलीसारखे वागवायचे. “काय गो बाय, ती पाटी तुझ्यापेक्षा जास्त शिकलेली हाय काय?”

“नाही.”

“मग घाम कशाला फुटलाय? एसी तर चालू हाय.”

वॉल्टर म्हणाले, “अहवाल मागे घेतलास तर ते फायलीवर राहील. पाणी लागलं नाही, तर दोन चुका राहतील.”

मी पत्र लिहिले — ‘तळाची खातरजमा न करता निष्कर्ष काढला, तो मागे घेत आहे. विहीर साफ करण्याची परवानगी मिळावी.’ पाटीचा उल्लेख केला नाही. अर्ध्या तासात परवानगी आली.

बुधवार आणि गुरुवार दगड-वाळू उपसण्यात गेले. गुरुवारी संध्याकाळी वाळू ओली लागली. शुक्रवारी दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी मी टेप सोडली आणि बझर वाजला. तीनदा मोजले. तिन्ही वेळा ७.११.

खलफान यांनी ओंजळभर पाणी चाखले. आमच्याशी ते हिंदीत बोलत. “थोडा नमक है,” ते म्हणाले. “मगर ऊँट पिएगा.” मग बराच वेळ कठड्याला हात लावून उभे राहिले. त्यांच्या घरी खोली वावेने, म्हणजे दोन्ही हात पसरून होणाऱ्या लांबीने, मोजत. फूट-इंच त्यांना ठाऊकच नव्हते. वॉल्टर या देशात दोन वर्षांपूर्वी आले होते, आणि विहीर त्याआधीच दगडांनी भरलेली होती. योगायोग म्हणावे, तर फॅक्समधली ओळ उरतेच. ओळीचे कारण शोधावे, तर तिचा अचूकपणा उरतो.

रस्ता वळला. पाटी उभी राहिली. दर तीन महिन्यांनी मी पातळी घेत राहिले, आणि पाणी सावकाश वर येऊ लागले. पाऊस नव्हता, शेजारच्या विहिरींत फरक नव्हता. पाटीवरचा आकडा चुकीचा ठरला.

“बदलायची का?” मी वॉल्टरना विचारले.

“अजिबात नाही. आमच्या काउंटीत अर्ध्या पाट्या चुकीच्या आहेत. लोक भांडायला थांबतात, आणि त्या निमित्ताने वाचतात.”

पुढच्या शिक्षणासाठी निघण्यापूर्वी, सप्टेंबर २००१ मध्ये, मी शेवटची टेप सोडली. खलफान यांचा नातू टेपवरचा आकडा वाचून आजोबांना ओरडून सांगत होता. नोंदवहीत ‘कारण’ हा रकाना मी रिकामा ठेवला आहे. पातळी : ६.८३ मीटर.