समोर आहे, समोर

सकाळी सहाला अमरावती सोडलं तेव्हा नव्या सायकलचा आनंद आणि बायकोची धास्ती, दोन्ही सोबत होती.

मी पुण्याचा, नोकरीमुळे अमरावतीत आलेला. नेहा अकोल्याची. लग्नाला आठ महिने झालेले, आणि ही बारीक चाकांची सायकल मी तिला न विचारता घेतलेली. ती माहेरी गेली होती. तिथून मेसेज आला, ‘सायकलचं काय करायचं ते समोर बघू.’ म्हणजे समोरासमोर सुनावणी! सायकल परत करावी लागणार, या विचाराने मला रात्रभर झोप नाही. शेवटी ठरवलं, आरोपीवर बसूनच अकोल्याला जायचं.

बडनेरा मागे पडलं आणि सायकल अशी पळू लागली की मी सुनावणी विसरलो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली, हवेत गारवा. मूर्तिजापूरच्या अलीकडे मागचं चाक बसलं. जादा ट्यूब होती, पण टायर उचकटायच्या पट्ट्या घरी टेबलावर.

रस्त्याकडेला एक काकू संत्री विकत होत्या.

“काकू, पंक्चरचं दुकान कुठे?”

“समोर हाय ना.”

समोर पाहिलं. रस्त्यापलीकडे चहाची टपरी. दुकान मागे असेल म्हणून सायकल खांद्यावर घेतली, दुभाजक ओलांडला. टपरीवाल्या काकांना विचारलं.

“समोर हाय भाऊ, समोर.”

मी वळून पाहिलं. समोर संत्रीवाल्या काकू. आता मात्र माझं डोकं चालेना. परत दुभाजक ओलांडला.

काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या. “काहून (का) हो, मघापासून इकडून तिकडं करून राहिले?”

“तुम्ही समोर म्हणालात, ते म्हणतात समोर. समोर तर तुम्हीच आहात!”

काकू इतक्या हसल्या की हातातलं संत्रं सुटलं. “अवो, समोर म्हंजे समोर! नाकासमोर सरळ जा. रस्ता नोका वलांडू आता!”

तेव्हा उजेड पडला. आपण ज्याला पुढे म्हणतो, त्याला इथे समोर म्हणतात. हे ‘समोर’ दोन किलोमीटर निघालं, आणि सायकलचे कडक तळाचे बूट घालून ते चालताना मी माझ्या पुणेरी मराठीलाच शिव्या दिल्या.

पंक्चरवाल्याने टायर चिमटीत धरून पाहिलं. “एवढंसं? याच्यावर मानूस बसते काय?” पण काम चोख केलं.

अकोल्यात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. नेहा फाटकातच उभी. वाटभर घोकलेलं भाषण मी तिथेच सुरू केलं. व्यायाम होतो, पेट्रोल वाचतं, विचारायला हवं होतं, चुकलं.

ती गोंधळली. “आत्ता कशाला हे? मी समोर बघू म्हटलं होतं ना. आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, डोक्यात तेच. पुढेमागे बघू, एवढंच.”

मी मटकन पायरीवर बसलो. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर मी एका शब्दाला घाबरत आलो होतो. आणि आठ महिने तिचं बोलणं मला पुरतं कळतं, अशा समजुतीत होतो. त्याची मात्र लाज वाटली.

दोन दिवसांनी सायकल भाड्याच्या गाडीच्या टपाला बांधून आम्ही अमरावतीला निघालो. संत्रीवाल्या काकूंपाशी थांबलो. नेहाने सगळा किस्सा ऐकला, खूप हसली. मग संत्रं सोलता सोलता वर, टपाकडे बघत म्हणाली, “समोरच्या रविवारी सीट जरा खाली कर. माझे पाय पुरले पाहिजेत.”

या वेळी मी रस्त्यापलीकडे पाहिलं नाही.