नेढ्यातून काय दिसतं

हिन्याच्या अत्तराचा वास आला, की मला अजून दरदरून घाम फुटतो. भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. गुंजवण्याचे एक शेतकरी मला राजगड दाखवत होते. "नेढं न्हाई बगितलं तर गड चढून काय केलं, पावनं?" असं म्हणत त्यांनी मला कड्याला आरपार पडलेल्या त्या भोकात नेऊन बसवलं. दोन्हीकडची दरी बघवेना, म्हणून मी डोळे गच्च मिटून घेतले. लग्नाला निघाल्यासारखं अत्तर चोपडून आलो होतो, ते त्यांना तिथे जाणवलं. त्या वासाने वर आग्या मोहोळ घोंगावायला लागलं होतं. "आत्तर लावून आलाय व्हय? आता मेलो की दोगंबी!" म्हणत त्यांनी खांद्यावरची घोंगडी दोघांवर ओढली. बाहेर माश्या टपाटप आपटत होत्या. मी मोठ्याने रामाचा धावा सुरू केला. "मनात म्हना, मनात! माश्यांला कशाला बोलावताय?" ते कुजबुजले. बऱ्याच वेळाने माश्या निवल्या, तसे आम्ही घोंगडीसकट रांगत खाली उतरलो, ते पुढे आणि मी त्यांचं धोतर धरून मागे. परवा नातवाने विचारलं, नेढ्यातून काय दिसतं? मी खालच्या खोऱ्यापर्यंतचं सगळं रंगवून सांगितलं. खरं तर मला दिसली होती ती फक्त घोंगडीची काळी लोकर.