आक्कांचा स्टोव्ह

आक्कांच्या स्टोव्हला हात लावायची कोणाची छाती नव्हती. बर्फाची खोली मोजणारी सहा जणांची तुकडी दर हिवाळ्यात पंधरा दिवस डोंगरात जायची, आणि गेली एकवीस वर्षं त्यांचा स्वयंपाक आक्काच करायच्या. तुकडीचे प्रमुख, म्हणजे साहेब, एकदा चहाची तल्लफ आली म्हणून स्वतःच पंप मारायला बसले. आक्कांनी त्यांना असं फैलावर घेतलं की बिचारे पुढचे दोन दिवस कप पुढे करतानाही चाचरत होते.

आता म्हणाल, एका पितळी स्टोव्हचं एवढं काय कौतुक? अहो, तिथे प्यायचं पाणीसुद्धा बर्फ वितळवून करायचं. स्टोव्ह रुसला की पाणी बंद. म्हणून आक्का त्याला तळहाताच्या फोडासारखं जपायच्या. रॉकेल दोनदा फडक्यातून गाळायचं. टाकी काठोकाठ भरायची नाही, हवेला जागा ठेवायची. पंपाच्या चामडी वॉशरला रोज तेलाचं बोट लावायचं, नाहीतर थंडीत ते आक्रसतं आणि पंप नुसताच वरखाली होत बसतो. पेटवताना स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरला लावून तो चांगला तापू द्यायचा, आणि मग कान द्यायचा. फुरफुरला तर अजून कच्चा आहे. घर्र असा एकसारखा आवाज लागला की जमलं. बर्फावरच्या लख्ख उन्हात निळी ज्योत दिसतच नाही, त्यामुळे सगळी मदार कानांवर.

आणि तेच कान गेली दोन वर्षं दगा देत होते. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग दारावरची थाप, मग स्टोव्हची घर्र. आक्कांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. ज्योतीवर हात धरून ऊब बघायच्या आणि वेळ मारून न्यायच्या. मागून कोणी हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही, तरी कोणाला नवल वाटत नसे. आक्का कामात असल्या की लाटसाहेबालाही विचारायच्या नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लपवायचं कारण घरी होतं. मुलाचा संसार छान, सून गुणाची. नको तितकी गुणाची. आक्कांनी कप विसळायला घेतला तरी ती हातातून काढून घ्यायची, "आई, तुम्ही बसा बघू." बसून बसून माणूस किती बसणार? वर्षातले ते पंधरा दिवस सोडले तर आक्कांवाचून कोणाचं काही अडत नव्हतं. कान गेले हे साहेबांना कळलं, की तेही पंधरा दिवस गेले.

यंदा सहाव्या दिवशी दुपारी साहेब बाकीच्यांना घेऊन मोजणीला गेले होते. तळावर आक्का आणि त्यांच्या तंबूतली रेडिओवाली, दोघीच. रेडिओवाली चाळिशीची, बोलायला सडेतोड, कानाने तिखट. आक्कांनी तंबूच्या तोंडाशी आडोशाला स्टोव्ह लावला, वर बर्फाचं पातेलं चढवलं आणि हातमोजे घालून बसल्या. वाऱ्याचा एक झोत आला. ज्योत विझली. आक्कांना ना ते दिसलं, ना ऐकू आलं.

पाणी तापेना. आक्कांना वाटलं, दाब कमी पडतोय. मारला पंप. आणखी मारला. बर्नर गार होत गेला आणि रॉकेल तसंच कच्चं बाहेर उडू लागलं. टाकी भिजली, खालची फळी भिजली, तंबूची कड भिजली. शेवटी त्यांनी हातमोजा काढून हात धरला, तर ऊब नाही. "विझला वाटतं मेला," असं म्हणत त्यांनी काडेपेटी काढली.

वाऱ्याने रॉकेलचा वास आत गेला. आतून रेडिओवाली ओरडली. पुन्हा ओरडली, तिसऱ्यांदा ओरडली. आक्का काडी काढतच होत्या. मग ती तशीच मोज्यांवर धावत आली आणि तिने काडेपेटीवर असा फटका मारला की काड्या बर्फात विखुरल्या.

"तीनदा हाक मारली! तीनदा! वास नाही आला? तंबू पेटला असता, आक्का. चार दिवसांची वाट आहे खाली!"

आक्कांनी भिजलेल्या फळीकडे पाहिलं. त्या खाली बसल्या.

"ऐकू नाही आलं गं."

"आत्ता नाही आलं, की येतच नाही?"

आक्का बर्फातल्या काड्या एकेक करून वेचू लागल्या. रेडिओवालीही जवळ बसली. तिचा आवाज खाली आला, तशी तिला पुन्हा मोठ्याने बोलावं लागलं. "संध्याकाळपर्यंत साहेबांना तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन."

"घरी मी पाहुणी आहे गं," आक्का म्हणाल्या. "इथे मी कोणीतरी आहे."

"ते मला कळतंय. तरी सांगा."

साहेब परतले तेव्हा आक्का उभ्याच होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, भिजलेली फळीसुद्धा दाखवली. साहेबांनी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"हा तिसरा हिवाळा."

"तीन हिवाळे आम्ही तुमच्या भरवशावर निवांत झोपलो, आक्का."

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आक्कांना रडू फुटलं. त्यांनी डोळे पुसले, काकडा आणि बर्नर साफ करायच्या पिनांची डबी रेडिओवालीच्या हातात दिली आणि बाजूला सरकून बसल्या. त्या संध्याकाळी भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला.

उरलेले नऊ दिवस आक्कांनी स्टोव्हला बोट लावलं नाही, पण तोंड बंद ठेवलं नाही. "अगं, काकडा अजून विझलेला नाही, घाई कसली?" "पंप आहे तो, कपडे नाही धोपटायचे!" रेडिओवाली वैतागायची, उलट बोलायची, आणि सांगितलं तसंच करायची. बाराव्या दिवशी पाणी तिने एकटीने उकळलं.

खाली उतरल्यावर ट्रकमध्ये सामान चढवताना साहेब आक्कांच्या अगदी तोंडासमोर येऊन उभे राहिले. "पुढच्या वर्षी स्टोव्ह ती पेटवेल," ते म्हणाले. "तुम्ही शेजारी बसायचं. पण यायचं. तुमच्याशिवाय वर जाणं मला जमायचं नाही."

"काय म्हणालात?" आक्कांनी विचारलं.

साहेबांना वाटलं, ऐकू गेलं नाही. ते कानाजवळ वाकले आणि सगळ्या ट्रकला ऐकू जाईल अशा आवाजात शेवटचं वाक्य पुन्हा म्हणाले.

आक्कांनी ते पहिल्या खेपेलाच नीट ऐकलं होतं.