टेबलाची रिकामी बाजू

पुण्याहून पहाटेच निघाले. लहान मुलांची झबली शिवणाऱ्या आमच्या कंपनीत कापड पास-नापास करण्याचे काम माझ्याकडे आहे. भिवंडीच्या एका कारखान्याच्या कापडात दोनदा डाग निघाले होते, आणि तिसऱ्यांदा डागी माल आमच्याकडे आला तर तो कारखाना आमच्या यादीतून कायमचा जाणार होता. माझे बाबा उभी हयात त्याच कारखान्यात कापड तपासत. बाबांना जाऊन तीन वर्षे झाली. ऑफिसात हे मी कुणाला सांगितले नव्हते.

ड्रायव्हरने गाडी थेट वडप्याला, आमच्या गोदामावर नेली. तिथे खोकी पट्ट्यावरून सरकतात, यंत्र 'टूं' करते आणि नोंद होते. यंत्राला खोके कळते, आतले कापड कळत नाही. मला जायचे होते निजामपुऱ्यात, त्या कारखान्यावर. वॉचमन हसला. "त्या गल्लीत ही गाडी न्हाय शिरायची, ताई. हितं ठेवा नि रिक्षा पकडा."

निजामपुऱ्यात रिक्षा शिरली आणि यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला. इथे बोलायचे तर ओरडूनच. निवृत्तीनंतर बाबा ती सवय घेऊनच पुण्यात आले, तेव्हा आम्ही रोज भांडतो अशी शेजाऱ्यांची समजूत झाली होती. त्या आवाजात मला त्यांची इतकी आठवण आली की उतरायचे सुचेना.

मालक सलीमभाईंनी चहा आणि खारी मागवली. रफीकचाचा तपासणीच्या टेबलाशीच होते. बाबांचे तिथले सोबती.

"जोशी की बेटी! किती मोठी झालीस गं!"

टेबल म्हणजे तिरकी काच, खाली ट्यूबलाइट. ताका (कापडाची सलग गुंडाळी) काचेवरून ओढत न्यायचा. एका बाजूला बाबा बसत, ते नजरेने डाग शोधत. समोर चाचा, ते बोटांनी गाठी आणि तुटके धागे शोधत. आता बाबांची खुर्ची रिकामी होती, पण स्वच्छ पुसलेली.

चाचांनी ताका ओढला. बोटे थबकली. "यहाँ गाठ आहे." खडूची खूण पडली. चष्मा लावूनही मला ती गाठ दिसली नव्हती! मी मनात शाबासकी देते आहे तोच तेलाचे तीन पिवळे डाग त्यांच्या तळव्याखालून निघून गेले. चाचांचे तोंड खिडकीकडे होते.

"चाचा, डाग."

"कहाँ?"

मी त्यांचे बोट डागावर ठेवले. ते थोडा वेळ चाचपत राहिले.

"मोतिया है, बेटी. सलीमला बोललो नाही. लिख दे, माल फेल. इस टेबल पे किसी का मुलाहिजा नहीं चलता, हा तुझ्या बापाचाच कायदा."

सलीमभाई दारातच उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. मी विचारले, "बाबा निवृत्त झाले, मग दुसरा माणूस का नाही नेमलात?"

"कैसे नेमू, मॅडम? जोशीसाहब की कुर्सी आहे. किसी को बिठाने का दिलच झालं नाही."

मला रागावायचे होते, पण मी त्या पुसलेल्या खुर्चीकडेच पाहत राहिले. बाबांवरच्या मायेने आमची झबली डागाळत होती! आणि खरे सांगते, ती खुर्ची तशीच रिकामी राहावी असे मलाही वाटले. कुठेतरी बाबांची जागा अजून राखलेली आहे, हे किती बरे वाटत होते.

मग मीच तिथे बसले. दुपारभर आम्ही दोघांनी सगळे ताके पुन्हा काढले. मी डाग सांगायचे, चाचा गाठी. निम्मा माल नापास झाला. शेवटच्या ताक्याला चाचा सवयीने म्हणाले, "जोशी, आगे लो." मी कापड पुढे ओढले.

निघताना चाचांना मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घ्यायला बजावले. सलीमभाईंना म्हटले, "चाचा राहू देत. अशी बोटं मिळायची नाहीत. पण समोर चांगल्या नजरेचा माणूस बसवा. तोवर आम्ही माल उचलणार नाही."

"उसी कुर्सी पे?" त्यांनी विचारले.

"त्याच," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर अहवाल लिहायला घेतला. किती ताके, किती डाग, वडपे मागे पडेपर्यंत सगळे भरून झाले. 'उपाय' या रकान्यात एकच वाक्य लिहायचे होते: रिकाम्या जागेवर नवा माणूस नेमावा. तेवढ्या एका वाक्याला मला पुण्यापर्यंतचा रस्ता लागला.